पंचगंगेवरची मराठी काशी

महाराष्ट्रातून काशीला जाणाऱ्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. पहाटे विश्वनाथ, मग अन्नपूर्णा आणि काळभैरव, दुपारी सारनाथ, संध्याकाळी दशाश्वमेधावरची गंगाआरती आणि दुसऱ्या दिवशी प्रयाग नाहीतर अयोध्या. हे सगळं पाहावंच. पण मणिकर्णिकेच्या पुढे, उत्तरेकडे ब्रह्मा घाटापर्यंत जो घाटांचा पट्टा आहे, तो या कार्यक्रमात सहसा बसत नाही. मराठी माणसांनी तीनशे-चारशे वर्षांत काशीत जे काही उभं केलं, लिहिलं, शिकवलं, त्याचा मोठा हिस्सा नेमका याच पट्ट्यात आहे आणि त्यातच आहे पंचगंगा घाट. काशीला पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाने निदान एक सकाळ या घाटासाठी राखून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

जायचं कसं, ते आधी सांगतो. मुंबईहून महानगरी आणि पुण्याहून ज्ञानगंगा या गाड्या पिढ्यान् पिढ्या मराठी यात्रेकरूंना काशीला पोहोचवत आल्या आहेत. शहरात उतरल्यावर पंचगंगेला जायचे दोन रस्ते. काळभैरवाच्या देवळापासून गल्लीगल्लीने पायी गेलं की थोड्या वेळात आपण घाटाच्या माथ्यावर पोहोचतो. दुसरा रस्ता मणिकर्णिकेहून घाटाघाटाने, गंगेला उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत जाण्याचा. मला दुसराच रस्ता आवडतो, कारण त्या वाटेवर एकामागून एक ओळखीची नावं भेटत जातात.

सुरुवातीलाच शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास तो बांधायला घेतला. बांधकाम एवढं अवजड होतं की खालची जमीन खचली आणि घाटाचा काही भाग नदीत गेला. त्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, ते एका अंगाला चांगलंच कललेलं दिसतं. वर्षातले कितीतरी महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. पुढे संकठा घाट आणि मग भोसले घाट, नागपूरकर भोसल्यांचा. उंच दगडी भिंत, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ. किल्ल्याच्या तटाखालून चालल्यासारखं वाटतं. त्यानंतर गणेश घाट, तिथे अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ. मग राम घाट, शिंद्यांचे दिवाण बाळाजी चिमणाजी जठार यांचा जठार घाट, ग्वाल्हेर राजाचा घाट आणि बालाजी घाट. एवढ्या छोट्या अंतरात नागपूर, पुणे आणि ग्वाल्हेर अशी तीन मराठी दौलतींची ठिकाणं येऊन जातात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, नाहीतर या सगळ्याचं मोल कळत नाही. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच नव्हती. काशी आणि प्रयाग ही क्षेत्रं आपल्या ताब्यात यावीत म्हणून पेशव्यांनी पुष्कळ खटपट केली, पण ती साधली नाही. शहर अयोध्येच्या नबाबाच्या अंमलाखाली होतं, काशीच्या राजाचा कारभार होता आणि १७७५ पासून तिथे इंग्रजांची सत्ता आली. म्हणजे घाट, देवळं, अन्नछत्रं, वेदशाळा हे सारं आपल्या माणसांनी परक्या राज्यात बांधलं. जागा विकत घेऊन, परवानग्या मिळवून, शेकडो कोसांवरून पैसा पाठवून बांधलं. तलवारीच्या जोरावर इथे काही उभं राहिलं नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ नव्याने बांधलं, तेही याच रीतीने. मराठ्यांच्या इतिहासात लढायांचं वर्णन भरपूर येतं. हा अध्याय मात्र शाळेत एका वाक्यात संपतो, याचं मला वाईट वाटतं.

या बांधकामांना वेग आला तो साधारण १७३५ पासून. त्या वर्षी थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. वाटेतल्या राजपूत राजांनी त्यांचा मानसन्मान केला, मोगल सरदारांनी सोबतीला माणसं दिली आणि त्या काशीला सुखरूप पोहोचल्या. ज्यांच्याशी मुलाचं वैर, त्यांच्याच मुलखातून आईची यात्रा निर्विघ्न पार पडली. त्याच सुमारास पेशव्यांचे कारभारी काशीत घाटांची कामं पाहत होते. नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांना गुरुस्थानी असलेले विद्वान काशीत येऊन राहिले होते. पंचगंगेच्या पलीकडचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट त्यांच्याच पुढाकाराने बांधले गेले. त्यांच्याभोवती मराठी ब्राह्मणांची वस्ती वाढत गेली. आजही या मोहल्ल्यात फिरताना दारांवर ओळखीची आडनावं दिसतात.

आता पंचगंगा घाट. नाव ऐकलं की कोल्हापूरकराला आपली नदी आठवणार: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. काशीच्या पंचगंगेत गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या मानतात. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा, बाकीच्या श्रद्धेने जाणायच्या. स्कंदपुराणातल्या काशीखंडात किरणा आणि धूतपापा यांच्या जन्मकथा आहेत. सूर्याने मंगळागौरीच्या आराधनेसाठी इथे उग्र तप केलं आणि त्याच्या घामातून किरणा वाहिली, असं ते पुराण सांगतं. ती मंगळागौर घाटावरच आहे. श्रावणात मंगळागौरीची पूजा करणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. काशीत पंचतीर्थी करायची तर अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका ही पाच स्नानं करतात. म्हणजे बांधीव पायऱ्या यायच्या कितीतरी आधीपासून ही जागा मोठी आहे.

घाट चांगलाच उंच आहे. नदीच्या पातळीवर उभं राहून मान वर केली तर पायऱ्यांची भिंत उभी ठाकते आणि तिच्या माथ्यावर एक मशीद दिसते. पायऱ्यांच्या अंगाला नदीकडे तोंड करून बांधलेल्या तीन भिंतींच्या लहान-लहान खोल्या आहेत. कुणात शिवलिंग, कुणात शेषशायी विष्णू, कुणात नुसतीच ओल. पावसाळ्यात गंगा या खोल्या गिळते. राजघाटाजवळ मोजतात त्या धोक्याच्या पातळीला, ७१.२६ मीटरला, पाणी पोहोचलं की घाट नावाचं काही उरत नाही आणि नावा गल्लीच्या तोंडाशी लागतात. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर साचलेले असतात. मोठ्या पंपांनी पाण्याचा मारा करून तो गाळ पुन्हा नदीत ढकलतात. मी गेलो तेव्हा कार्तिक लागला होता, तरी वरच्या खोल्यांत गाळ सुकून त्याला भेगा पडलेल्या दिसत होत्या.

मशिदीचा इतिहास सरळ सांगावा. या जागी बिंदुमाधवाचं प्रचंड देऊळ होतं. अंबरच्या राजा मानसिंगाने ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, असं मानतात. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ मध्ये काशीला आला होता. त्याने या देवळाचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं आहे. औरंगजेबाच्या काळात देऊळ पाडलं गेलं आणि तिथे आलमगीर मशीद उभी राहिली. तिचे दोन उंच मिनार दूरवरून दिसत आणि गंमत अशी की लोक त्या मिनारांनाही 'माधवरायाचा धरहरा' म्हणत. देऊळ गेलं तरी देवाचं नाव त्या जागेला चिकटून राहिलं. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिनारांची डागडुजी केली. त्याने काढलेल्या काशीच्या चित्रांत ते दिमाखाने उभे दिसतात. १९४८ मध्ये एक मिनार कोसळला, नंतर दुसराही उतरवण्यात आला. आज मिनारांशिवायची मशीद तिथे आहे. तिथे नमाज होते, तेव्हा भेट देताना त्या वास्तूचाही मान राखावा.

आणि बिंदुमाधव? तो मशिदीच्या शेजारच्या गल्लीत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला देऊळ सापडतच नाही, कारण शिखर शोधत गेलं तर ते दिसणारच नाही. बाहेरून पाहिलं तर वाड्यासारखी इमारत. जिना चढून गेल्यावर सभामंडप आणि आत काळ्या पाषाणाची चतुर्भुज मूर्ती. हे देऊळ बांधून घेतलं ते साताऱ्याजवळच्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी. घाटाच्या बांधकामातही त्यांचा हात होता. औंध म्हटलं की आपल्याला यमाई, तिथलं संग्रहालय आणि सूर्यनमस्कार आठवतात. या संस्थानाने काशीच्या विष्णूला, त्याचं घर मोडल्यानंतर, पुन्हा छप्पर दिलं हे मला ठाऊक असलं तरी तिथे उभं राहिल्यावरच ते मनाला भिडलं. मंडपाच्या खिडकीतून थेट गंगा दिसते. कार्तिकात पहाटेच्या आरतीला ही जागा माणसांनी भरून जाते. नऊवारीतल्या आजी हातात पितळी निरांजन घेऊन बसलेल्या होत्या. बोलणं अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी. मी महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाव कुठलं तुमचं?" आणि मग त्यांच्या सासरचं मूळ गाव सांगितलं. पाच-सहा पिढ्यांमागे सुटलेलं गाव, पण नाव तोंडपाठ.

घाटावर पाहायची सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे अहिल्याबाईंनी बांधलेला लाल दगडाचा दीपस्तंभ. इथले लोक त्याला 'हजारा' म्हणतात. आपल्याला तो लगेच ओळखू येतो, कारण ती आपली दीपमाळ आहे. जेजुरीला, सासवडला, कोकणातल्या देवळांसमोर आपण जी पाहतो तिचंच हे काशीतलं रूप. तळाला रुंद, वर निमुळती होत गेलेली आणि अंगभर पणत्या ठेवायच्या जागा. हजार दिवे लावता येतील एवढी मोठी, म्हणून नाव हजारा. देवळाच्या अंगणातली दीपमाळ अहिल्याबाईंनी नदीकाठी आणून उभी केली. अंगण सोडून ती गंगेसमोर उभी आहे, यात मला त्यांची दृष्टी दिसते. जवळ जाऊन हात लावून पाहा. दिव्यांच्या कोनाड्यांखाली तेलाचे ओघळ मुरून दगड काळा पडला आहे आणि बोटाला किंचित तुकतुकीत लागतो.

या घाटाचा खरा महिना कार्तिक. शरद पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत इथे आकाशदिवे लावतात. आपण दिवाळीला आकाशकंदील टांगतो, पण इथली रीत वेगळी आहे. काठावर उंच बांबू रोवलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला दोरी ओवायची सोय. खाली वेताची छोटी करंडी. करंडीत मातीची पणती ठेवायची, वात पेटवायची, झाकण लावायचं आणि हलक्या हाताने दोरी ओढत करंडी वर चढवायची. घाई केली की दिवा विझतो. एक शाळकरी मुलगा हे काम करत होता. दोरी ओढताना त्याची नजर सतत करंडीवर होती. एकदा दिवा विझला तशी त्याने करंडी खाली घेतली, न कुरकुरता पुन्हा पणती पेटवली आणि पुन्हा वर चढवली. वर गेलेली करंडी वाऱ्याने डोलते आणि वेताच्या फटींतून उजेड गळत राहतो. पितरांना वाट दिसावी म्हणून हे दिवे, असं लोक सांगतात. सीमेवर पडलेल्या जवानांच्या नावानेही आता दिवे लावले जातात.

महिन्याच्या शेवटी, कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळी. आज त्या रात्री काशीच्या सगळ्या घाटांवर लाखो पणत्या लागतात आणि जगभरातून माणसं येतात. पण या सोहळ्याची आजची परंपरा सुरू झाली ती पंचगंगा घाटावरून, १९८०च्या दशकात, मोहल्ल्यातल्या तरुणांनी घरोघरी तेल आणि पणत्या गोळा करून. अहिल्याबाईंच्या हजाऱ्यावर तेव्हा दिवे लागले आणि इतर घाटांनी त्याचं अनुकरण केलं. तेव्हा देवदिवाळीला दशाश्वमेधावर चेंगराचेंगरीत उभं राहण्यापेक्षा पंचगंगेला जावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हीच कार्तिकी पौर्णिमा मराठी वाङ्मयातही मोठी आहे. एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली टीका पैठणला सुरू केली आणि ती पूर्ण केली काशीत, शके १४९५ म्हणजे १५७३च्या कार्तिकी पौर्णिमेला. अठरा हजारांहून जास्त ओव्यांचा हा ग्रंथ. संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात आणतो म्हणून काशीतल्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. त्याआधी दोन वर्षं त्यांचं 'रुक्मिणीस्वयंवर'ही काशीतच पूर्ण झालं होतं. आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याने हे ध्यानात ठेवून काशीला यावं. मराठीतला एक थोर ग्रंथ या नदीकाठी पूर्ण झाला आहे.

नाथांच्याच पैठणचं आणखी एक घराणं काशीत नावारूपाला आलं. रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात पैठणहून काशीला आले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी 'त्रिस्थळीसेतु' हा काशी, प्रयाग आणि गया या तीर्थांवरचा प्रमाणग्रंथ लिहिला. तोडरमलाच्या साहाय्याने विश्वनाथाच्या देवळाची त्या काळातली पुनर्बांधणीही त्यांच्या प्रेरणेने झाली. त्याच घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. एकादशी कधी धरायची, श्राद्ध कोणत्या तिथीला करायचं, हे आजही आपल्याकडचे गुरुजी त्यावरून ठरवतात. आणि याच घराण्यातले विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले आणि त्यांनी शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. काशीच्या विद्वत्तेचा तेव्हा जो दरारा होता, त्यात पैठणच्या या भट्टांचा वाटा फार मोठा होता.

पंचगंगेच्या पायऱ्यांना कथांची कमतरता नाही. रामानंदांचा श्रीमठ याच घाटावर आहे. पहाटेच्या अंधारात कबीर या पायऱ्यांवर आडवा पडून राहिला, स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याला लागला आणि त्यांच्या तोंडून निघालेलं रामनाम हाच कबीराने गुरुमंत्र मानला, ही कथा इथलीच. तैलंग स्वामींचा मठही जवळच आहे. १८८७ मध्ये त्यांनी देह ठेवला. आणि पंडितराज जगन्नाथाची दंतकथा तर मराठी घरांत रुजलेली आहे. शाहजहानच्या दरबारात मान मिळवलेला हा संस्कृत कवी, यवनीशी लग्न केलं म्हणून काशीच्या ब्राह्मणांनी त्याला वाळीत टाकलं. तो या घाटाच्या वरच्या पायरीवर बसून गंगेची स्तुती रचू लागला आणि प्रत्येक श्लोकाला गंगा एक-एक पायरी वर चढत गेली, असं सांगतात. ती स्तुती म्हणजे 'गंगालहरी'. ज्येष्ठात गंगा दशहऱ्याला नाशिकला, वाईला, कोकणात अजून तिचे पाठ होतात. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' हे संगीत नाटक १९६० मध्ये रंगभूमीवर आलं आणि वसंत देसायांच्या चालींमुळे त्यातली गंगेची पदं अजून मैफलींत रंगतात. ज्यांच्या घरी ही पदं गायली जातात, त्यांनी या पायऱ्यांवर थोडा वेळ बसावं.

शेजारच्या बालाजी घाटावर पेशवेकाळात बांधलेलं बालाजीचं देऊळ आहे, आता बरंच पडझड झालेलं. उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणी आपल्या मामांबरोबर इथे येत आणि या देवळात बसून तासन् तास रियाज करत. बालाजीने आपल्याला इथे दर्शन दिलं, असं ते मोठेपणी श्रद्धेने सांगत. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. ज्या ओवऱ्यांत ही शहनाई घडली, त्या ओवऱ्या आपल्या लोकांनी बांधल्या, याचा मला अभिमान वाटतो. त्या ढासळताहेत याचं तितकंच दुःख होतं.

पंचगंगेच्या पुढचा घाट दुर्गा घाट. दिसायला साधा, पण मी तिथे हटकून थांबतो तो विनोबांसाठी. मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेला वीस वर्षांचा विनायक भावे सुरतेला गाडीतून उतरला आणि थेट काशीला आला. दुर्गा घाटावरच्या एका घरात राहिला. दुपारी अन्नछत्रात जेवायचं आणि तिथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत संध्याकाळसाठी दही आणि रताळी घ्यायची, अशी दिनचर्या. संध्याकाळी गंगाकाठी बसून कविता करायच्या आणि मनासारखी कविता उतरली की ती गंगेला अर्पण करून टाकायची. सोबत आलेला मित्र काशीतच आजारी पडून वारला, त्याला विनोबांनी स्वतः अग्नी दिला. गांधीजींनी त्याच वर्षी फेब्रुवारीत हिंदू विद्यापीठात केलेल्या भाषणाची चर्चा काशीत अजून चालू होती. ती वाचून-ऐकून विनोबांनी गांधीजींना पत्र लिहिलं आणि जूनमध्ये ते अहमदाबादला कोचरब आश्रमात पोहोचले. हिमालय आणि बंगालची क्रांती या दोन ओढींनी घर सोडलेल्या मुलाला तिसरी वाट सापडली ती या घाटावर. तिथे पाटी नाही, स्मारक नाही. पायऱ्या आहेत आणि नदी आहे.

ब्रह्मा घाटाकडे जाताना दत्ताचं देऊळ लागतं. नरसिंह सरस्वतींनी काशीतच कृष्ण सरस्वतींकडून संन्यास घेतला, हे गुरुचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक असतंच. गौड सारस्वतांचा काशी मठही ब्रह्मा घाटावर आहे. त्यामुळे मंगळूरकडची माणसं इथे सतत येत-जात असतात. भाद्रपदात या मोहल्ल्यात सार्वजनिक गणपती बसतो. लोकमान्यांची हाक काशीत पोहोचली तेव्हापासूनची ही रीत आहे. राम घाटावरच्या सांगवेद विद्यालयात सकाळी गेलात तर वेदपाठी मुलांचा आवाज गल्लीपर्यंत येतो. त्यांत महाराष्ट्रातली मुलं बरीच असतात.

या वस्तीने हिंदीलाही पुष्कळ दिलं. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मले आणि 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावलं. 'राष्ट्रपति' हा शब्द हिंदीत रूढ केल्याचं श्रेय त्यांना देतात. लक्ष्मण नारायण गर्दे आणि रा. र. खाडिलकर हे दोघंही इथलेच, मराठी घरातले हिंदी संपादक. झाशीची राणी जन्मली तीही याच शहरात. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा काशीत राहत होते, मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते आणि मुलीचं नाव ठेवलं मणिकर्णिका.

काही कामाच्या सूचना. जुलै ते सप्टेंबर हा पट्टा सहसा पायी करता येत नाही, पाणी चढलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लवकर निघा, पंचगंगा पूर्वाभिमुख असल्याने पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. पायांत न घसरणाऱ्या चपला हव्यात, खालच्या पायऱ्यांना शेवाळ असतं. नाव करायची असेल तर भाडं आधी ठरवा. पण निदान एकदा तरी हा रस्ता पायी करा, नावेतून घाटाची रुंदी कळते, गल्ल्या दिसत नाहीत. मणिकर्णिकेवर फोटो काढू नका. तिथे कुणाचं तरी माणूस जळत असतं. परतताना चौकात कचोरी-भाजी आणि जिलेबी खा. थंडीत पहाटे मिळणारं मलइयो, दुधाचा केशरी फेस, उन्हं चढायच्या आत संपतं. गंगेचा गडू घेऊन घरी आल्यावर मावंदं घालायची रीत अजून पाळत असाल, तर जेवायला आलेल्यांना बिंदुमाधवाबद्दल आणि हजाऱ्याबद्दलही सांगा.

आणि एक आग्रहाची विनंती. काशीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. कोण आलं, कुठल्या गावचं, सोबत कोण, वडिलांचं-आजोबांचं नाव काय, हे सारं त्यांत आल्या माणसाच्या हातून लिहून घेतलेलं असतं. जुनी पानं मोडीत आहेत. कागद ठिसूळ झाला आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि पुढच्या पिढीतली मुलं नोकरीसाठी शहर सोडून चालली आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना मूळ गाव, कुळ आणि पणजोबांपर्यंतची नावं विचारून कागदावर लिहून घ्या. तिथे आपल्या गावची वही कुणाकडे आहे याची चौकशी करा, पान सापडलं तर परवानगी घेऊन त्याचा फोटो काढा, गुरुजींना योग्य दक्षिणा द्या आणि आपलंही नाव स्वच्छ अक्षरात त्या वहीत लिहून या.